मेडिकलसमोरचं मोफत हाड-तपासणी शिबिर: टाचेचा आकडा मिळतो, उंची राहून जाते

बाजाराचा दिवस, मेडिकलसमोर छोटा मांडव, प्लास्टिकच्या चार खुर्च्या, पाय ठेवायचं एक पांढरं यंत्र आणि वर ‘हाडांची तपासणी मोफत’ असा फलक. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत हे दृश्य आता ओळखीचं झालं आहे. २० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो (ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं विरळ होऊन सहज मोडण्याचा आजार), त्याच्या आगेमागे अशी शिबिरं जास्त लागतात. वावरातून, बाजारातून आलेली म्हातारी माणसं रांगेत बसतात, पावती घेतात, गोळ्यांचं पुडकं घेतात आणि घरी जातात. ही सेवा त्यांच्या कितपत कामाची, ते इथे पाहू. हे परीक्षण एखाद्या दुकानाचं किंवा कंपनीचं नाही, या जातीच्या सगळ्याच शिबिरांचं आहे.

निकाल आधीच देऊन टाकतो. यंत्राला पाचपैकी तीन गुण, ते वापरण्याच्या पद्धतीला दोन, शेवटी हातात पडणाऱ्या पुडक्याला एक. आणि ज्या कामाला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, दोन मिनिटं पुरतात, ते शिबिरात होतच नाही: म्हातारीची उंची कोणी मोजत नाही.

आधी यंत्राबद्दल. टाच दोन गोल गाद्यांच्या मध्ये धरली जाते. एका गादीतून अल्ट्रासाउंडच्या लहरी सुटतात, दुसरी त्या पकडते. क्ष-किरण नाहीत, त्यामुळे भिण्यासारखं काही नाही. टाचेचं हाड आतून जाळीदार असतं. जाळी दाट असली की लहरी लवकर पार होतात आणि त्यांच्यातला वरचा सूर जास्त शोषला जातो. वेगाच्या आकड्यापुढे पावतीवर ‘एसओएस’ लिहिलेलं असतं, शोषणाच्या आकड्यापुढे ‘बीयूए’. दोन्हींच्या आधारे यंत्र एक टी-स्कोअर छापतं आणि शेजारी हिरवी-पिवळी-लाल पट्टी काढतं. लोक पट्टीचा रंग तेवढा बघतात, आणि शिबिरातली मंडळीही रंगच वाचून दाखवतात.

घोळ इथेच होतो. टी-स्कोअर म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या सरासरीपासून आपण किती दूर आहोत, ते अंतर. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या सीमा सगळ्यांना पाठ आहेत: -१ पर्यंत ठीक, -१ ते -२.५ च्या मध्ये हाड विरळ, -२.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. पण या सीमा खुबा आणि कंबरेच्या मणक्यांवर डेक्सा नावाच्या क्ष-किरण यंत्राने केलेल्या मोजणीसाठी आहेत. टाचेच्या अल्ट्रासाउंडला त्या जशाच्या तशा लावता येत नाहीत. मापच वेगळं आहे. पायली आणि किलो एकाच आकड्याने बोलायला लागले तर बाजारात जे होईल, तेच इथे होतं. टाचेवर -१.८ आलेल्या बाईचा खुबा -२.५ च्या खाली असू शकतो. तिला पिवळी पट्टी दाखवून ‘थोडं कॅल्शिअम कमी आहे’ असं सांगितलं जातं आणि ती निश्चिंत होऊन घरी जाते.

उलट बाजूही आहे. रांगेत सासूसोबत आलेली तिशीतली सून गंमत म्हणून पाय ठेवते आणि पिवळी पट्टी घेऊन घाबरते. टी-स्कोअरची मोजपट्टीच अशी आखली आहे, की निरोगी तरुण बायकांतल्याही शंभरात साधारण १६ जणी -१ च्या खाली येणारच. पाळी चालू असलेल्या बाईसाठी आणि पन्नाशीच्या आतल्या पुरुषासाठी हा आकडा नसतोच. त्यांची तुलना त्यांच्याच वयाशी करतात, तिला झेड-स्कोअर म्हणतात. सुनेने खुर्चीवर बसू नये, एवढंच.

तरीही यंत्राला तीन गुण दिले आहेत, कारण ते भोंदू नाही. पाळी गेलेल्या बायकांत आणि ६५ च्या पुढच्या पुरुषांत टाचेचा आकडा पुढच्या हाडमोडीचा धोका खरोखर सांगतो. ज्यांचा आकडा चांगला आहे आणि धोक्याचं दुसरं एकही कारण नाही, त्यांना शहरापर्यंतची खेप वाचते. हे चाळणीचं काम आहे. रोगाचं निदान करणं आणि औषध लागू पडलं की नाही ते बघणं, ही दोन्ही कामं त्याची नाहीत. ‘सहा महिन्यांनी या, गोळ्यांनी किती फरक पडला बघू’ असं कुणी म्हणालं, तर मुकाट्याने पाय चपलेत घालावा.

मोजणी बिघडते कशी, ते जवळून पाहण्यासारखं आहे. अल्ट्रासाउंडची खरी वैरी हवा. गादी आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळसा थर राहिला तरी लहर अडते. म्हणून जेल लावतात. आता जन्मभर काळ्या मातीत अनवाणी निंदण केलेल्या बाईची टाच डोळ्यांसमोर आणा: कडांवर जाड, राठ कातडी, भेगांत माती बसलेली. त्यावर जेलचं एक बोट फिरवून पाय आत सरकवला, तर यंत्र हाडाआधी भेगाच मोजतं. बरोबर पद्धत अशी: टाच आणि घोट्याच्या दोन्ही बाजू ओल्या फडक्याने पुसायच्या, मग स्पिरिटचा बोळा, मग दोन्ही बाजूंना भरपूर जेल. पायाचं दुसरं बोट, नडगी आणि टोंगळा, म्हणजे गुडघा, एका रेषेत. पाय बाहेरच्या बाजूला कलंडला की लहर हाडाच्या भलत्याच भागातून जाते. मोजणी चालू असताना बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही. पायावर सूज असेल, तर आकड्यावर भरवसा नाही. हिवाळ्याच्या सकाळी थंड पाण्याने पाय धुऊन लगेच बसलं तरी फरक पडतो, कारण लहरीचा वेग तापमानाने बदलतो. जी टाच आधी मोडली आहे ती सोडून दुसरी द्यायची.

सकाळी पहिला माणूस बसण्याआधी यंत्रासोबत येणारा ठोकळा मध्ये ठेवून यंत्र जुळवून घ्यायचं असतं. त्याला फँटम म्हणतात. ‘आज फँटम लावला का?’ एवढं विचारलं तरी समोरच्याचं पाणी जोखता येतं. दुसरी परीक्षा याहून सोपी: पाय काढा, पुन्हा ठेवा, पुन्हा मोजा. दोन वेळच्या टी-स्कोअरमध्ये अर्ध्याहून जास्त तफावत आली, तर ती पावती चुलीत घालायला हरकत नाही. हा आमचा ठोकताळा आहे, नियम नव्हे. पण लांबलचक रांगेत दुसऱ्यांदा मोजायला कुणी तयार होत नाही, यातच बरंच काही आलं.

आता जे शिबिरात होत नाही त्याकडे.

हाड विरळ होताना दुखत नाही. म्हणून त्याची पहिली खूण दुखण्यात शोधून सापडत नाही, ती कपड्यांत सापडते. लुगड्याचा काठ पूर्वी घोट्याशी असायचा, तो आता जमिनीवर लोळतो. बुढ्याचा सदरा पुढून लोंबतो आणि मागून वर जातो. फळीवरचा डबा हाताला येईनासा होतो. पोट सुटलं म्हणावं तर वजन तेवढंच असतं. घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात पाठीचा एखादा मणका पुढच्या बाजूने चेपला गेलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो चेपला तेव्हा कुणाच्या लक्षातही येत नाही. मणका एकदा चेपला, की पुढचा चेपण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून ही खूण सगळ्यांत आधी पकडायची.

उंची मोजायला अंगणवाडीत जावं. पोषण अभियानात अंगणवाड्यांना उंची मोजायचा उभा स्टॅडिओमीटर दिलेला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातही असतो. सेविकाताईंना विचारलं की नाही म्हणत नाहीत. मात्र माप घ्यायची रीत सांभाळावी लागते. सकाळी मोजायचं, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते. अनवाणी. अंबाडा सोडायचा, नाहीतर आडवी पट्टी डोक्याऐवजी अंबाड्यावर टेकते. टाचा, कुल्ले आणि पाठ मागे टेकलेली, नजर समोर, खोल श्वास घेऊन थांबायचं, तेवढ्यात वाचायचं. खाली उतरून परत चढवून तीनदा मोजायचं आणि मधला आकडा मिलिमीटरसह लिहून ठेवायचा. घरी मोजायचं झालं तर मातीची भिंत नको, ती सरळ नसते. दाराची चौकट धरावी आणि डोक्यावर पुठ्ठ्याचं काटकोनी खोकं टेकवून पेन्सिलने रेघ मारावी. फरशी आहे की शेणाने सारवलेली जमीन, तेही बघावं. खड्ड्यात टाच गेली की सेंटिमीटर गेलाच.

आकडे दोन लक्षात ठेवावेत. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंमी किंवा जास्त कमी, किंवा मोजायला लागल्यापासून २ सेंमी किंवा जास्त कमी: दोन्हींपैकी काहीही दिसलं तर पाठीचा बाजूने क्ष-किरण फोटो काढायचा. साधा एक्स-रे. तो तालुक्याच्या ठिकाणीही निघतो. टाचेच्या पावतीपेक्षा हा फोटो कितीतरी बोलका असतो.

पण तरुणपणची उंची माहीत कुणाला? आधार कार्डावर ती नसते, आणि सत्तरीतल्या बाईकडे दुसरं कोणतं कागदपत्र असणार? इथे हातांचा पसारा कामी येतो. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात खांद्याच्या रेषेत फाकवायचे आणि मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिंप्याच्या टेपने मोजायचं. बहुतेक माणसांत हे अंतर तरुणपणच्या उंचीच्या जवळपास असतं, आणि मणके चेपले तरी हात आखूड होत नाहीत. उंची या मापापेक्षा ५ सेंमीहून जास्त कमी भरली, तर संशय घ्यावा. कुणाचे हात मुळातच लांब असतात, कुणाचा खांदा आखडलेला असतो. म्हणून हे संशयापुरतंच.

आणखी दोन परीक्षा भिंतीशीच होतात. टाचा आणि पाठ भिंतीला लावून नजर समोर ठेवली की डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकायला हवा. टेकत नसेल, मध्ये बोट जात असेल, तर छातीमागच्या मणक्यांत गडबड असू शकते. (इथेही अंबाडा सोडलेलाच हवा.) दुसरी: मागे उभं राहून सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाची वरची कड यांच्यामध्ये, काखेच्या सरळ खाली, बोटं आडवी घालून बघायची. दोनच बोटं किंवा त्याहून कमी मावली, तर कंबरेच्या मणक्यांचा फोटो हवा. अशा बाईला घासभर खाल्ल्यावरच पोट भरल्यासारखं होतं, कारण पोटाला जागाच उरलेली नसते. मग ती आम्लपित्ताच्या गोळ्या खात बसते.

तोंडी हिशेब एकच. पाळी गेलेल्या आशियाई बायकांसाठी हा आडाखा बसवलेला आहे: किलोतल्या वजनातून वय वजा करायचं आणि ०.२ ने गुणायचं. अपूर्णांक सोडून द्यायचा. वजन ४०, वय ६५, तर वजा २५, गुणिले ०.२, म्हणजे -५. उत्तर -४ पेक्षाही खाली गेलं, तर धोका जास्त. -१ ते -४ च्या मध्ये असलं, तर मधला. त्यावर असलं, तर कमी. मजुरीला जाणाऱ्या आपल्या बायकांचं वजन बघता पहिल्या गटात कितीजणी बसतील ते सांगायला नको. टाचेच्या यंत्राशिवाय, मांडवाशिवाय, हे उत्तर ओट्यावर बसून काढता येतं.

दातांचं एक सांगून ठेवतो. वीसपेक्षा कमी दात उरणं ही विरळ हाडांची एक खूण म्हणून पुस्तकांत येते. पूर्व विदर्भात मात्र खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने, दात आधीच गेलेले असतात, तेव्हा ही खूण इथे फारशी धरू नये.

शिबिराच्या फॉर्मवर नाव, वय, मोबाइल नंबर असतो. चार प्रश्न नसतात, आणि त्या चारांना यंत्रापेक्षा जास्त किंमत आहे. पहिला: पन्नाशीनंतर उभ्या जागेवरून पडून काही मोडलं का? न्हाणीत घसरून हातावर पडली, मनगट मोडलं, हाड बसवणाऱ्याने पट्टी बांधली, महिन्या-दीड महिन्यात विषय संपला. खरं तर तो तिथूनच सुरू होतो. उभ्या उंचीवरून पडून निरोगी हाड मोडायला नको. ते मोडलं, तर टाचेवर हिरवी पट्टी आली तरी तपासणी लागतेच. दुसरा प्रश्न: गर्भपिशवी काढली का, कोणत्या वयात, आणि अंडाशयं ठेवली की तीही काढली? पंचेचाळिशीच्या आत अंडाशयं गेली किंवा पाळी आपोआप थांबली, तर हाडांची झीज तितकी आधी चालू झालेली असते. तिसरा: आई-वडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का?

चौथा प्रश्न सर्वांत अवघड, कारण उत्तर देणाऱ्यालाच ते ठाऊक नसतं: स्टेरॉइड चालू आहे का? प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन महिन्यांहून अधिक काळ, एवढं हाडांना पुरतं. दमा, संधिवात यांसाठी डॉक्टरांनी दिलेलं असेल तर कागदावर तरी असतं. पण टोंगळे दुखतात म्हणून बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि ‘तीन रंगाच्या गोळ्या’ यांत काय आहे, ते कुठेच लिहिलेलं नसतं. दोन दिवसांत सगळं दुखणं पळालं, भूक वाढली, चेहरा गोल झाला, जरा लागलं की अंगावर काळंनिळं पडतं, असं दिसलं तर पुडीत स्टेरॉइड असल्याचा दाट संशय घ्यावा. मात्र अशी पुडी कळल्याकळल्या एकदम बंद करू नये. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. एकाएकी तोडलं तर माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन ग्रामीण रुग्णालयात जावं, तिथे ती हळूहळू उतरवतात.

आता टोंगळ्यांचं. शिबिराच्या रांगेतल्या निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार तीच असते, आणि ‘हाडं पोकळ झाली म्हणून दुखतात’ हे उत्तरही ठरलेलं असतं. ते चूक आहे. टोंगळे दुखतात ते सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजल्याने. तो वेगळा आजार आणि त्याचे उपचारही वेगळे. ऑस्टिओपोरोसिस हाड मोडेपर्यंत गप्प असतो. हाड मोडलं की मात्र बोलतो: पाण्याचा गुंड उचलताना किंवा नुसतं शिंकताना पाठीच्या मधोमध कळ निघते, पट्ट्यासारखी पुढे येते, उभं राहिलं की वाढते आणि आडवं झालं की उतरते. अशी कळ आली तर मालीश नको, पाठीवर पाय देणं तर मुळीच नको, फोटो काढावा.

अंगभर हाडं ठणकतात, बरगड्यांवर दाबलं की दुखतं, उकिडव्या बसलेल्या बाईला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, बदकासारखी डुलत चालते, असं असेल तर तो बहुधा ऑस्टिओमलेशिया, म्हणजे ड जीवनसत्त्वाअभावी मऊ पडलेलं हाड. त्यात रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज सहसा वाढतं. ऑस्टिओपोरोसिसमध्ये ते एरवी नेहमीइतकंच राहतं. स्वस्त तपासणी आहे, आधी करून घ्यावी, कारण मऊ हाड औषधाने चांगलं भरून येतं. आणि पाठदुखीसोबत संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन, रात्री जागवणारी कळ किंवा पायातली ताकद कमी होणं यांपैकी काहीही असेल, तर क्षयाचा मणका किंवा कर्करोग नाही ना, हे पाहिल्याशिवाय कॅल्शिअमच्या गोळ्यांकडे वळू नये.

विदर्भाची म्हणून एक गोम आहे, ती या शिबिरवाल्यांच्या माहितीपत्रकात कधी सापडणार नाही. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्यावर वर्षानुवर्षं गेलं की फ्लोराइड हाडांत साठतं. असं हाड दाट दिसतं पण चिवट नसतं. डेक्सावर आकडा उत्तम येतो, अगदी अधिकमध्ये, आणि माणसाला मान वळवता येत नाही, पाठ लाकडासारखी झालेली असते. गावातल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे असतील, तर म्हाताऱ्यांचा ‘छान’ आलेला आकडा खरा धरू नये. गावच्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत मागता येतो. कॅल्शिअमआधी पाणी बदलायला हवं.

पुडक्याला एक गुण का, ते त्याच्या लेबलवर वाचता येतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘कॅल्शिअम कार्बोनेट १२५० मिग्रॅ’ असतं. त्यात प्रत्यक्ष कॅल्शिअम ५०० मिग्रॅ. सायट्रेटमध्ये वजनाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढं. मागच्या बाजूला ‘मूलद्रव्य कॅल्शिअम’ किती तो आकडा बघायचा, बाकीचं प्रवाळ, मोती आणि सोनेरी छपाईचे पैसे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना दिवसाला १००० मिग्रॅ कॅल्शिअम लागतं, पाळी गेलेल्या बायकांना १२००. यात जेवणातलंही आलं. पेलाभर म्हणजे २०० मिली दुधात साधारण २४० मिग्रॅ, चमचाभर, म्हणजे १० ग्रॅम तिळात शंभराच्या आसपास. जवस-तिळाची चटणी आणि दोन पेले ताक असलेल्या घरात गोळी एकच पुरते. नुसत्या भाकरी-वरणावर चालणाऱ्या घरात दोन लागतात, एकदम नाही, वेगवेगळ्या वेळी. एका वेळी ५०० मिग्रॅच्या वर शरीर फारसं घेत नाही. कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं. पित्ताची पँटोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर ते नीट शोषलं जात नाही, तिथे सायट्रेट बरं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शिअम यांत चार तासांचं अंतर, रक्तवाढीची गोळीही सोबत नको. मुतखड्याचा इतिहास असेल तर आधी विचारावं. साधी कॅल्शिअम-डी३ गोळी जनऔषधी केंद्रात मिळते, आणि काम तेच करते.

सगळ्यांत धोकादायक वस्तू पुडक्यात नसते, त्याच्यासोबत वेगळी विकली जाते: ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी. ती आठवड्याला एक, सहसा आठ आठवडे, मग महिन्याला एक अशी असते. सांगणाऱ्याने घाईत सांगितलं, ऐकणाऱ्याने ‘रोज दुधातून’ असं ऐकलं, की दीड-दोन महिन्यांत रक्तातलं कॅल्शिअम चढतं. ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, बरळणं. मूत्रपिंडालाही मार बसतो. पुडीवर पेनने वार लिहून घ्यावा, ‘सोमवार’ असा. उन्हाचंही असंच अर्धवट सांगतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व जवळजवळ बनत नाही. स्वतःची सावली स्वतःच्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं ऊन लागतं. ते नागपूरकडे डिसेंबरात ऐन दुपारीच जेमतेम मिळतं, मेमध्ये मात्र सकाळी नऊच्या सुमारासच. उन्हाळ्यात तेवढं घेऊन घरात यावं, इथली मेची दुपार म्हाताऱ्यांसाठी नाही. आणि ‘गव्हाएवढा चुना दह्यात’ या मोबाइलवर फिरणाऱ्या उपायाचं काय? चुन्यात कॅल्शिअम असतं, खरं आहे. पण तो दाहक असतो आणि गव्हाचा दाणा हे काही माप नव्हे. आणखी कुणाकडून चुना लावून घ्यायची गरज नाही.

शिबिरातून पुढे पाठवायचं ते डेक्साला. मोठ्या शहरांत ते यंत्र असतं. निघण्याआधी फोन करून ते चालू आहे का, खुबा आणि कंबर दोन्ही काढतात का, हे विचारावं. नुसत्या मनगटावर भागवणाऱ्या ठिकाणी जाऊ नये. आदल्या दिवसापासून कॅल्शिअमची गोळी बंद. न विरघळलेली गोळी पोटात असली तर कंबरेच्या फोटोत ती हाड म्हणून मोजली जाते. बेरियमची तपासणी किंवा औषध टोचून काढलेला सीटी स्कॅन नुकताच झाला असेल तर आधी सांगावं. कंबरेचा करदोडा, त्यातली चांदीची पेटी, कनवटीची नाणी, चाव्या काढून ठेवाव्यात. काम पंधरा-वीस मिनिटांचं, किरण छातीच्या फोटोपेक्षाही कमी.

अहवाल हातात आला की आधी चित्र बघावं, मग आकडा. साठीच्या पुढे कंबरेच्या मणक्यांना कडांवर हाड वाढलेलं असतं आणि चेपलेला मणका तेवढंच हाड कमी जागेत दाबून धरतो. दोन्हींमुळे कंबरेचा आकडा खोटा चांगला येतो. चारपैकी एक मणका बाकीच्यांपेक्षा फारच ‘मजबूत’ दिसत असेल तर शाबासकी देण्याआधी एक्स-रे मागावा. म्हाताऱ्यांत खुब्याचा आकडा जास्त इमानदार.

औषध चालू झालंच तर ते कसं घ्यायचं, हे दुकानाच्या घाईत नीट कळत नाही. अॅलेंड्रोनेट ७० मिग्रॅ आठवड्याला एक: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. चहा नको, दूध नको. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकून झाडलोट करायची नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. कुबड असलेल्या, गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनेट देतात. त्याआधी मूत्रपिंडाची आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी लागते, आणि पहिल्या खेपेला दोन दिवस ताप-अंगदुखी येऊ शकते. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं. सुरू करण्याआधी सहा महिन्यांनी पुन्हा पैसे आणि गाडी जमेल का, याचा विचार करावा. ते मध्येच सुटलं तर हाड झपाट्याने घटतं आणि एकापाठोपाठ मणके चेपतात. हंगामावर हातात पैसा येणाऱ्या घरात आम्ही ते सहसा सुचवणार नाही.

शिबिरात जाऊच नये, असं नाही. जावं, पाय पुसून ठेवावा, दोनदा मोजून घ्यावं, पावतीवर तारीख आणि कोणता पाय ते लिहून घ्यावं. पुडकं तिथेच ठेवावं. परत येताना अंगणवाडी उघडी असेल तर अंबाडा सोडून तिथल्या पट्टीखाली उभं राहावं आणि आकडा पावतीच्या पाठीवर लिहावा. पुढचं माप वर्षाने, त्याच पट्टीवर, सकाळीच.